जादा तुकडा

१

द्राहुशे ओत्रुबोवाच्या कापण्यात केसभरही चूक सापडत नाही, हे विमानांची मॉडेलं बनवणाऱ्या क्लबातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त ते खुद्द द्राहुशेला ठाऊक होतं. उभं आयुष्य तिने पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्यावर तिच्या बरोबरीच्या बायका नातवंडं आणि टोमॅटो वाढवायला लागल्या. द्राहुशेला नातवंडं नव्हती, आणि टोमॅटो तिच्या मते वेडेवाकडे वाढतात. तिने एक छोटं कटिंग मशीन आणलं. लोक जॅमच्या बरण्यांची लेबलं नि वाढदिवसाची कार्डं कापायला घेतात, तेच. त्यावर ती प्लास्टिकच्या विमानांचे मास्क कापायची.

चेक देशातल्या मोरावियाच्या त्या सपाट मुलखात हे खूळ जुनं आहे. दर गल्लीत कुणाचा तरी नवरा तळघरात बसून विमान चिकटवत असतो. विमानाला काचा असतात, काचांना चौकटी असतात. चौकट रंगवायची आणि काच कोरी ठेवायची, तर प्रत्येक काचेवर तिच्याच आकाराचा पिवळा चिकट कागद बसवावा लागतो. तोच मास्क. वरून रंग मारायचा, सुकला की कागद सोलायचा. कागद जरा कमी पडला तर काच बरबटते, जरा जास्त झाला तर चौकट उघडी पडते. द्राहुशेच्या कागदाच्या बाबतीत यातलं काहीच कधी होत नसे.

हे तुकडे नखाएवढे, म्हणून हरवतात, फाटतात. बाकीचे मास्क कापणारे पाकिटात एखादा तुकडा जादा टाकतात. द्राहुशेने तो कधीच टाकला नाही. "जादा तुकडा देणं म्हणजे आधीच माफी मागून ठेवणं," असं ती म्हणायची, आणि क्लबातले पुरुष आपापल्या बिअरच्या ग्लासात बघत बसायचे.

ती काम करायची काचेच्या व्हरांड्यात. सुतार वडिलांनी तो स्वयंपाकघराला जोडून, बागेच्या बाजूला बांधला होता. लाकडी चौकटींत लहानमोठ्या काचा, कोपऱ्यात लोखंडी शेगडी. मागे स्वयंपाकघराचं दार, आणि व्हरांड्यातून बाहेर पडायला ते एकच. त्या सकाळी तिने गाळवाली कॉफी हाताशी घेतली, रेडिओवर बँडचं संगीत लावलं आणि मशीन सुरू केलं. काम मोठं होतं. हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी क्लबाचं मानाचं विमान तयार होत होतं, मूळ विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाच्या मापात. युद्धातलं टेहळणी विमान. त्याचं अख्खं नाक काचेचं.

मशीनचा आवाज तिला पाठ होता. पातं सरकताना खर्र, आणि आकार पुरा झाला की उचलताना टिक. शेवटचा टिक झाला. ती कागद ओढायला उठली, तर मशीन थांबलेलं नव्हतं. खर्र. खर्र. मग काहीतरी गोल वळसा घेतल्यासारखं हळू, पुन्हा खर्र. टिक.

मग कागद बाहेर आला. खाली उजवीकडे, तिने न काढलेला एक तुकडा होता.

२

चौकोनी तुकडा. वरचा डावा कोपरा मात्र कुणीतरी गोल चावून नेलेला. तिने तो चिमट्याने उचलून उजेडात धरला. नाकाच्या एकूण एक काचा तिने स्वतः उतरवून घेतल्या होत्या, प्लास्टिकवर कागद घासून, खाचांवरून पेन्सिल फिरवून. असला आकार त्यात नव्हता. कॉम्प्युटरवरच्या चित्रातही नव्हता.

तिने पातं पुसलं, केबल काढून पुन्हा खोचली, जुनी चित्रं पुसून टाकली आणि नवा कागद घातला. तुकडा पुन्हा आला. आता त्याच्या शेजारी दुसराही होता, उभट, साधा.

मशीन मठ्ठ असतं यावर द्राहुशेचा पूर्ण विश्वास होता. ते सांगितल्याशिवाय काही करत नाही. म्हणजे कुणीतरी सांगितलं. आणि घरात ती सोडून कुणी नव्हतं.

इथे तिला आई आठवली. तिची आई शेवटच्या वर्षांत टेबलावर एक ताट जादा मांडायची. दोघींच्या घरात तीन ताटं. कोबीचं सूप तिन्हींत वाढलेलं. "कुणासाठी गं?" विचारलं तर आई व्हरांड्याकडे बघून आवाज खाली आणायची, "नीट बस. पोक काढू नकोस. बघणाऱ्याला काय वाटेल?" सुरुवात तिथून झाली होती. पुढे आईला चमचा कसा धरायचा तेही आठवेना.

द्राहुशेला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती या जादाची. आपलं डोकं असंच, एकेका जादा ताटाने निघून जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. क्लबातले लोक आधी गप्प बसतील, मग गोड बोलतील, मग मास्क दुसरीकडून मागवतील. त्या गोड बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने तिच्या अंगाची लाही झाली.

तिने दोन्ही तुकडे काचेच्या पट्टीवर चिकटवून फडताळात ठेवले. जाळावेसे वाटले होते, पण कापणी सुरेख होती. इतकी सुरेख कापणी शेगडीत घालायला तिचा हात धजला नाही.

३

क्लबाचा अध्यक्ष हिनेक काम न्यायला आला. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलेला, गडगडून बोलणारा माणूस. येताना त्याने गावचं ते वास मारणारं चीज आणलं होतं. द्राहुशेने ते उचलून आधी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं.

"अहो ओत्रुबोवाबाई, चीज हद्दपार आणि मी आत? उलट पाहिजे होतं."

"तुमचा वास निदान अंघोळीने जातो." तिने मास्कचं पाकीट पुढे केलं आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "हिनेक, खरं सांगा. माझ्या मशीनला कुणी हात लावलाय?"

"मशीनला? तुमच्या? माझी बायको तिच्या पोळपाटाला हात लावू देत नाही, आणि तुमच्या मशीनला हात लावून मी जिवंत घरी जाईन?"

"मग हे काय?" तिने काचेची पट्टी दाखवली. एव्हाना तिच्यावर सात-आठ तुकडे जमले होते. प्रत्येक कागदामागे एखाद-दुसरा.

हिनेकने चष्मा कपाळावर सरकवला, तुकडे नाकाशी नेले आणि मग त्याचा चेहरा उजळला. "जादा तुकडे! अरे देवा. द्राहुशे ओत्रुबोवाने जादा तुकडे घातले! हे मी प्रदर्शनात पाटी लावून सांगणार."

"दात दिसतायत तुमचे. ते आत घ्या. हे मी घातलेले नाहीत."

"मग मशीनला लग्न करायचं असेल. पोरं होतायत." तो हसला, पण ती हसत नाही हे पाहून जरा वरमला. "बाई, दमला असाल तर सांगा. खरंच. ते रादोवान म्हणून शेजारच्या गावातले आहेत ना, तेही बरे कापतात…"

आलंच ते गोड बोलणं. द्राहुशेने पाठ ताठ केली. "रादोवान कुंपण कापतात. मास्क मी कापते. विमानाच्या नाकाच्या आत तुम्ही काय केलंय? खुर्ची, पट्टे, सगळं बसवलं?"

"बसवलं. पायलटसुद्धा. मागची भिंत मात्र नुसती रंगवली. दार, कडी, सगळं रंगाने. त्याच्या पलीकडे काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"अहो, काचेतून जे दिसत नाही ते कशाला बनवायचं? दाराला दाराचा रंग दिला की झालं. बघणारा काय दार उघडून बघणार आहे?"

तो गेला. चीज कट्ट्यावरच विसरला.

४

नोव्हेंबरचं धुकं बसलं. हाना नदीकाठचं धुकं एकदा बसलं की उठायचं नाव घेत नाही. बाग गेली, कुंपण गेलं. व्हरांड्याच्या काचांपलीकडे नुसता करडा रंग उरला, रंगवण्याआधी विमानाला देतात तसला.

द्राहुशे शेगडीत लाकूड सारत होती. सारताना तिची नजर धुराड्याच्या नळीवर गेली, नळीवरून वर, जिथून ती बाहेर पडते त्या काचेवर. नळीला जागा द्यायला वडिलांनी त्या काचेचा वरचा कोपरा गोल कापला होता, आतून उजवा, बाहेरून डावा. तो कापायला त्यांना अख्खा दिवस लागला होता, आणि तीन काचा फुटल्या होत्या. लहानपणी ती शेजारी उभी राहून बघत होती.

लाकूड हातातच राहिलं.

तिने फडताळातून पट्टी काढली. व्हर्निअरने तुकडा मोजला. नऊ मिलिमीटर रुंद, बारा उंच. मग खुर्चीवर चढून टेप लावून काच मोजली. त्रेचाळीस सेंटिमीटर दोन मिलिमीटर. सत्तावन्न सेंटिमीटर सहा मिलिमीटर. गुणाकार तिला कागदावर करावा लागला नाही. बरोबर अठ्ठेचाळीस पट. गोल कोपराही अठ्ठेचाळीस पट. वडिलांचा काच कापायचा हिरा जिथे जरा घसरला होता तो बारीक दातसुद्धा, भिंगाखाली धरला तर, तुकड्यात होता.

तिने उरलेले तुकडे घेतले. उभट तो बागेकडच्या काचेचा. लांबट तो कट्ट्यावरच्या काचेचा. एकेक लागत गेला.

खुर्चीवर उभ्या उभ्याच तिला पहिल्यांदा जे वाटलं, ते सांगायलाच हवं. हायसं वाटलं. डोकं ठिकाणावर होतं. हे जादा ताट नव्हतं, हे मोजलेलं काम होतं. कुणीतरी तिचा व्हरांडा बाहेरून उतरवून घेतला होता. आणि तिला कबूल करावं लागलं की त्याचं मोजमाप तिच्या तोडीचं होतं.

दुसरी गोष्ट तिच्या मनात खुर्चीवरून उतरल्यावर आली: मोजणारा बघतही असणार. तिने बाहेर धुक्यात पाहिलं आणि उगाचच पोक सरळ केलं.

५

मास्क सोलण्याचा कार्यक्रम गुत्त्याच्या मागच्या खोलीत झाला. क्लबाची तशी पद्धतच आहे. रंगवलेलं विमान मधोमध ठेवायचं, कुणी शिंकायचं नाही, आणि ज्याने मास्क कापले त्यानेच ते सोलायचे.

द्राहुशेने चांगला ब्लाउज घातला होता. "सरळ बाजूला चिमटा लावायचा नाही," ती दर वर्षी सांगायची तसं म्हणाली. "कोपऱ्यातून सुरू करायचं. कापलेला कोपरा असेल तर आधी तोच. तिथे कागद लवकर सुटतो." पहिला तुकडा सुटला. खाली काच लखलखीत, कडेला रंगाची रेघ सुरीने ओढल्यासारखी. दुसरा सुटला. तिसरा. शेवटी शेवटी कुणी बिअरलाही हात लावेना. सगळं नाक उघडं झालं आणि कुठेही, एकाही काचेवर, रंग आत शिरलेला नव्हता. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

द्राहुशेचा ऊर भरून आला. तिने तो भरू दिला. तेवढं तिने कमावलं होतं.

"आता बघू द्या, आमचा पायलट कुठाय," म्हणत हिनेकने टॉर्च लावला आणि नाकाला डोळा भिडवला. द्राहुशे समोरच्या बाजूने वाकली होती. काचेतून तिला आधी दिसला तो खुर्चीत बसलेला अंगठ्याच्या पेराएवढा माणूस, ताठ, हात मांडीवर. त्याच्या पलीकडे, सगळी काच भरून, हिनेकचा ओला, निळा, हलणारा डोळा.

"काय देखणा बसलाय!" हिनेक म्हणाला.

ती पटकन मागे सरली. लोकांना वाटलं, नम्रता.

६

घरी आल्यावर तिने पट्टी पुन्हा काढली. सगळे तुकडे व्हरांड्याच्या क्रमाने लावले. एक कमी होता.

वर, दाराजवळ, हवेसाठी उघडायची एक छोटी झडप होती. तिची काच. सगळा व्हरांडा कापून झाला होता आणि तेवढी राहिली होती. वडिलांनी ती मागाहून बसवली होती, आणि बाहेरून ती वळचणीत लपते. बाहेरून उतरवणाऱ्याला दिसली नसणार.

द्राहुशेने पट्टी फडताळात ठेवली आणि झोपायला गेली. सकाळी ती कॉफी घेऊन बसली. रेडिओ लावला. पट्टी पुन्हा काढली. ती रिकामी जागा तिला बघवेना. कुणीही सांगेल की त्या वेळी पट्टी शेगडीत घालायला हवी होती, आणि तिलाही ते सुचलं होतं. पण अर्धवट संच तिने आयुष्यात कुणाला दिलेला नव्हता. एवढ्या चोख कामात एक काच उघडी राहणार, तिच्यावर रंग उडणार, आणि ते काम तिच्या घराचं. रादोवानसुद्धा असं करत नाही.

"दिसली नाही ना तुम्हाला?" ती मोठ्याने म्हणाली, काचांकडे बघून. तिच्या आवाजात जरा तोराच होता. "मला दिसते."

तिने झडप मोजली, अठ्ठेचाळीसाने भागली, चित्र काढलं. मशीनने कापलं. खर्र, खर्र, टिक. त्यानंतर मशीन एकदम थांबलं. जादा काही नाही.

तिने तो तुकडा रिकाम्या जागी बसवला आणि नखाने घासला. संच पुरा झाला.

७

दुपारी उजेड पिवळा झाला.

तिला वाटलं, धुकं फाटलं, ऊन आलं. ती वर न बघता टेबल पुसत राहिली. मग लक्षात आलं की उन्हाला सावल्या असतात आणि इथे कशाचीच सावली पडत नव्हती. तिने वर पाहिलं.

सगळ्या काचा पिवळ्या होत्या. रंगाच्या पिवळ्या नव्हे, कागदाच्या. उजेडावर धरलेल्या कागदाचे धागे दिसतात तसे धागे त्यात दिसत होते, फक्त बोटाएवढे जाड. कागद बाहेरून चिकटवलेला होता.

द्राहुशे जवळ गेली. तिने आतून काचेच्या कडेवर नख फिरवलं. खाली, बाजूने, वर. कागद चौकटीला टेकून थांबत होता, कमी नाही, जास्त नाही. नळीच्या गोल कोपऱ्यात, हिरा घसरला होता त्या दातापाशीही, अचूक. तिने मान उंचावून झडप पाहिली. झडपही पिवळी. तिने कापलेली. सगळ्यांत नेटकी तीच होती.

बाहेर कुठेतरी वर रंग फवारायचा कॉम्प्रेसर धडधडायला लागला. मग फुस्स असा आवाज व्हरांड्याच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश सरकत गेला. थांबला. पुन्हा डावीकडून. पातळ थर, एकावर एक, घाई न करता. ती हिनेकला हेच सांगून दमली होती. रंगाचा वास आत येत नव्हता. यायला कुठे फट नव्हती.

ती मागे वळली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. कडी हलली नाही. नीट वाकून पाहिलं. कडी दारावर बसवलेली नव्हती, ती दारातूनच वर आलेली होती, एकाच तुकड्यात. दार आणि चौकट यांच्यामध्ये काळी रेघ होती, आणि ती रेघ नखाने खरवडली तेव्हा नखाला काळा रंग लागला.

तिला ओरडावंसं वाटलं. तिने ओरडणं गिळलं. ऐकायला होतं कोण, आणि जे होतं त्याच्यासमोर द्राहुशे ओत्रुबोवा ओरडणार नव्हती.

आवाज थांबला. आता रंग सुकायला वेळ देतील. कसलेला माणूस देतोच. पुढे काय होतं ते तिला सांगायला नको होतं. तिने टेबलावरचे कागदाचे कपटे गोळा करून डब्यात टाकले. कॉफीचा कप बाजूला केला. केस मागे घेतले, ब्लाउजची बटणं पाहिली, खुर्ची फिरवून काचांकडे तोंड केलं आणि बसली. पाठ ताठ. हात मांडीवर. एकावर दुसरा दाबून धरला.

बराच वेळ काही झालं नाही. मग नळीजवळच्या काचेवर, वरच्या उजव्या बाजूला, कापलेल्या कोपऱ्यापाशी, काहीतरी टोकदार हळूच टेकलं. कागद तिथूनच सुटायला लागला. पांढरा, आंधळा करणारा उजेड त्या फटीतून आत पडला, तिच्या पायांवर, मग गुडघ्यांवर.

द्राहुशेने आधी चौकटीची कड पाहिली. रंग कुठेही आत शिरलेला नव्हता.

मग तिने मान वर केली.